टेबलक्लॉथच्या पोटात काय घालावं?

टेबलक्लॉथ क्विल्ट करायचं ठरलं की बहुतेकांचा सगळा वेळ वरच्या कापडात जातो. रंग जुळवायचे, तुकडे कापायचे, नक्षी ठरवायची. आतला थर मात्र शेवटच्या दिवशी, दुकानात जो मिळेल तो आणला जातो. पण केलेला टेबलक्लॉथ रोज वापरात राहणार की एकदा पाहुण्यांपुढे अंथरून कपाटात जाणार, हे त्या न दिसणाऱ्या थरावरच ठरतं. रजईत जे शोभतं ते टेबलावर चालेलच असं नाही. रजई उबेसाठी असते, म्हणून तिचा फुगीरपणा हा गुण. टेबलावर ऊब नको असते. तिथे कापडानं सपाट पडून राहायचं, भरलेला पेला सरळ उभा राहू द्यायचा, आमटी सांडली तर धुऊन स्वच्छ व्हायचं आणि टेबलाच्या कडेवरून नीट खाली उतरायचं. आणखी एक मोठा फरक आहे. रजईला आपण अधूनमधून ऊन दाखवतो; टेबलक्लॉथ दर आठवड्याला धुतो, लहान मुलं असतील तर त्याहून जास्त वेळा. या फरकातून पुढची जवळजवळ सगळी निवड होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. रोजच्या जेवणाच्या टेबलासाठी आतला थर पातळ असावा, सुती असावा आणि शिवण्याआधी धुतलेला असावा. तयार बॅटिंगच (तंतूंचा तयार थर, यालाच वॅडिंगही म्हणतात) घेतलं पाहिजे असं मुळीच नाही. बहुतेक घरांसाठी साधं फलालीन किंवा धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती कापड त्याहून चांगलं काम देतं.

पहिला विचार जाडीचा. कापूस की पॉलिस्टर हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्या जेवणाच्या टेबलावर काय काय असतं ते डोळ्यांपुढे आणा : स्टीलचे पेले, छोट्या वाट्या, लोणच्याची बरणी, ताकाचा जग. क्विल्टमध्ये आतला थर शिवणीच्या ओळीपाशी दबतो आणि दोन ओळींच्या मध्ये फुगून वर येतो. टेबलभर बारीक उंचवटे आणि खळगे तयार होतात. पेल्याचं बूड अर्धं उंचवट्यावर आणि अर्धं खळग्यात आलं की पेला कलतो, आणि मग नुसता कोपर लागला तरी पाणी आडवं. ताटाला हे जाणवत नाही, कारण त्याचं बूड मोठं असतं. वाटीला आणि पेल्याला जाणवतं. म्हणून वरचं कापड, आतला थर आणि खालचं अस्तर मिळून शिवून झाल्यावर जाडी तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. त्याहून कमी झाली तर उत्तमच. टेबलावर मुलं वही ठेवून लिहीत असतील, तर जाड थरावर पेनाचं टोक कागदात रुततं हेही लक्षात ठेवा.

दुकानात वॅडिंग मागितलं की दुकानदार जीएसएम सांगतो : साठ, ऐंशी, शंभर, दोनशे. एक चौरस मीटर तुकड्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे हा आकडा. तो वजनाचा आहे, जाडीचा नाही, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. १०० जीएसएमचं पॉलिस्टर वॅडिंग फुगून बोटभर उभं राहतं, आणि वजनानं त्याहून जड असलेलं सुती बॅटिंग जाड चादरीइतकंच सपाट असतं. त्यामुळे आकड्याची तुलना एकाच जातीच्या मालात करा. पॉलिस्टरच घ्यायचं असेल तर टेबलासाठी ६० ते ८० जीएसएम पुरे; १५० आणि २०० चा माल जाकिटांसाठी आणि दुलयांसाठी असतो. दुकानातच एक साधी गोष्ट करून पाहा. तुकड्याची चौपदरी घडी घाला, तळहातानं दाबून धरा आणि सोडा. जो थर झटकन उसळून वर येतो तो पांघरुणात छान. टेबलासाठी दाबल्यावर दबून राहणारा थर घ्यावा.

हा फरक माल कसा बनवला त्यामुळे पडतो. काही बॅटिंगमध्ये तंतूंच्या गादीत काटेरी सुया हजारो वेळा वरखाली घातलेल्या असतात, त्यामुळे तंतू एकमेकांत अडकून थर घट्ट आणि सपाट होतो. काही वॅडिंगमध्ये तंतू डिंकासारख्या रसायनानं किंवा उष्णतेनं एकमेकांना चिकटवलेले असतात. तो माल हलका आणि फुगीर राहतो. टेबलासाठी सुयांनी बसवलेला माल बरा. पिशव्यांसाठी मिळतो तो फोम मात्र घेऊ नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो, त्याचा भुगा होऊ लागतो आणि धुतल्यावर पाणी धरून ठेवतो.

आता मी जुन्या कापडाकडे एवढी का वळते ते सांगते. आपल्याकडच्या गोधडीत मुळात कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक पसरायच्या आणि सगळे थर धावदोऱ्यानं एकमेकांना बांधायचे, ही गोधडीची रीत. बंगालच्या कांथात जुन्या साड्यांचेच थर असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्यातही जुन्या कपड्यांचेच तुकडे. कडेपासून सुरुवात करून आत आत सरकणारा धावदोरा. या सगळ्या पांघरुणांनी एक गोष्ट वर्षानुवर्षं सिद्ध केली आहे : विणलेलं कापड आत घातलं की ते सरकत नाही, त्याचे गोळे होत नाहीत आणि धुण्याला ते घाबरत नाही. टेबलक्लॉथला नेमके हेच गुण हवेत.

पहिली पसंती फलालीनला. बाळाच्या दुपट्यांसाठी जे मऊ, किंचित लवदार सुती कापड मिळतं तेच. ते घेताना पांढरं किंवा अगदी फिकं घ्या. गडद रंगाचं किंवा छापील घेतलंत तर पातळ वरच्या कापडातून नक्षी दिसेल आणि रंगही उतरू शकतो. फलालीनच्या अंगावरची लव वरच्या आणि खालच्या कापडाला धरून ठेवते, त्यामुळे शिवताना थर एकमेकांवरून घसरत नाहीत. ज्यांनी पहिल्यांदाच घरच्या शिवणयंत्रावर क्विल्ट करायला घेतलं आहे त्यांना याचा मोठा आधार वाटेल. फलालीनचा एकच दोष, ते चांगलंच आटतं. आणल्यावर तसंच वापरू नका. गरम पाण्यात भिजवून, धुऊन, कडक वाळवून हे दोनदा करा आणि मगच कापा. ३६ इंच पन्ह्याचं फलालीन तीन फूट रुंद टेबलाला नेमकं पुरेल असं हिशेबात दिसतं, पण धुतल्यावर त्याचा पन्हा कमी भरतो. म्हणून ४४ इंची पन्हा मागा.

जुन्या कापडात पंचा, धोतर आणि सुती पलंगपोस ही तीन उत्तम. पंचाची वीण सैल असते, म्हणून तो शिवणीखाली छान दबतो. जुनी सुती साडी चालते, पण तिचे काठ आणि फॉल आधी काढून टाका. एरवी किरकोळ वाटणारा काठ आत गेला की वर आडवी उंच रेघ दिसते, आणि नेमका तिच्यावरच कुणाचा तरी पेला येतो. चादरीच्या शिवलेल्या कडा, उशीच्या अभ्र्याच्या शिवणी यांचंही तसंच. कापड वापरण्यापूर्वी उजेडासमोर धरून पाहा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड बाजूला ताणा. बारीक आवाज करत सूत सुटलं तर ते विरलं आहे. आतल्या थरालासुद्धा ते वापरू नका. वरून सगळं ठीक दिसतं आणि आत चार धुण्यांत भोकं पडतात, मग तिथे टेबलक्लॉथ पोकळ लागतो. सोलापुरी चादर घरोघरी असते आणि ती आत घालायचा मोह होतो. पण तिची विणलेली नक्षी उंच असते, वजन जास्त असतं आणि रंग गडद असतात. तिला तिच्या जागी राहू द्यावं. टर्किश टॉवेलही नको. त्याचे फासे शिवताना सरकतात, आणि ओला झाला की तो सुकता सुकत नाही.

एक थर पुरेसा की दोन? फलालीन असेल तर एकच. पंचासारखं पातळ कापड असेल तर दोन, पण एकाचं उभं सूत दुसऱ्याच्या आडव्या सुताशी येईल असे अंथरा. मग कापड कोणत्याही एका बाजूला ओढ घेत नाही.

तयार सुती बॅटिंग आता ऑनलाइन सहज मिळतं, मोठ्या शहरांत क्विल्टिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानांतही मिळतं. ते घेणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, किती अंतरावर शिवायचं ते. पाकिटावर ते लिहिलेलं असतं. बॅटिंगच्या आत पातळ जाळीसारखा आधार बसवलेला असेल तर आठ-दहा इंचांवर शिवलं तरी ते टिकतं; आधार नसेल तर दोन ते चार इंचांच्या आत शिवावं लागतं, नाहीतर धुण्यात थर फाटून मध्ये मध्ये जमा होतो. दुसरी गोष्ट रंग. ब्लीच न केलेल्या, पिवळसर बॅटिंगमध्ये सरकीच्या टरफलांचे काळपट कण असतात. पांढऱ्या किंवा फिक्या कापडातून ते दिसतात, आणि त्यांतलं तेल उतरून डाग पडू शकतो. फिक्या टेबलक्लॉथला स्वच्छ पांढरं बॅटिंग घ्या. तिसरी गोष्ट आटण्याची. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं. गोधडीत यामुळे ज्या बारीक सुरकुत्या येतात त्यांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. टेबलावर त्याच सुरकुत्या पेल्याला नडतात. म्हणून बॅटिंग कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चोळू किंवा पिळू नका, हलक्या हातानं दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून वाळवा. कापूस आणि पॉलिस्टर यांचं मिश्रण असलेलं बॅटिंगही मिळतं, बहुधा ऐंशी टक्के कापूस असलेलं. ते कमी आटतं आणि लवकर वाळतं. ज्यांना फलालीन धुऊन-वाळवून घेण्याचा वेळ नाही त्यांनी ते खुशाल घ्यावं.

गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस टेबलक्लॉथमध्ये घालू नका. जयपुरी रजईत तो सुंदर बसतो, कारण ती रजई कमी वजनाची असते, तिला ऊन दाखवलं जातं आणि बादलीत ती क्वचितच जाते. सुट्या कापसाला दर आठवड्याचं धुणं सोसत नाही. कितीही जवळ जवळ टाके घातले तरी त्याचे गोळे होतात.

पॉलिस्टरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या बाजारात सगळ्यात सहज मिळतं ते तेच, आणि स्वस्तही. त्याचे गुण खरे आहेत. ते आटत नाही, हलकं असतं, भराभर वाळतं. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नसतं तेव्हा जाड सुती टेबलक्लॉथला कुबट वास येऊ लागतो. तिथे पॉलिस्टरची ही बाजू कमी लेखून चालणार नाही. पण ते उष्णतेपुढे टिकत नाही. पॉलिस्टर साधारण २५५ अंश सेल्सियसला वितळतं हे ऐकून निर्धास्त होऊ नका, कारण ७०-८० अंशांपासूनच त्याचे तंतू नरम पडतात आणि वरून वजन असेल तर दबलेल्या आकारातच राहतात. उष्णतेनं चिकटवलेल्या वॅडिंगमध्ये जोडणीसाठी मिसळलेले तंतू तर बऱ्याचदा ११० अंशांच्या आसपासच वितळतात. उकळत्या आमटीचं पातेलं १०० अंशांच्या जवळ असतं, आणि भजी तळून उतरवलेली कढई १७०-१८० अंशांवर. पातेल्यानं गोल खळगा कायमचा पडतो; कढईनं आतला थर चिकटून कडक होऊ शकतो. इस्त्रीचंही तेच. सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री ठेवून फिरवलीत की वरचं कापड छान दिसेल आणि आतला फुगीरपणा जाईल. आत पॉलिस्टर असेल तर इस्त्री मध्यम ठेवा.

दुसरी अडचण तेलाची. पॉलिस्टर पाणी धरत नाही, पण तेलाला धरून ठेवतं. फोडणीचं तेल, तूप, लोणच्याचा खार आत उतरला तर वरचं कापड स्वच्छ दिसलं तरी वास मागे राहतो. तिसरी अडचण गडद कापडाची. काळ्या, मरून किंवा गडद हिरव्या खणाचा टेबलक्लॉथ केलात आणि आत हलक्या प्रतीचं पांढरं वॅडिंग घातलंत, तर त्याचे बारीक तंतू विणीतून आणि सुईच्या भोकांतून वर येत राहतात. ओढून काढले की मागून आणखी येतात. खण, इरकल यांसारख्या गडद कापडांखाली विणलेलं कापडच घाला, फार तर करड्या रंगाचं.

मग पॉलिस्टर कुठे वापरावं? दिवाणखान्यातल्या छोट्या टेबलावर, हळदीकुंकवाला किंवा दिवाळीत अंथरायच्या सजावटीच्या टेबलक्लॉथमध्ये, जिथे नक्षी उठून दिसायला हवी आणि वर फक्त फुलदाणी आणि फराळाची ताटं येणार आहेत. तिथे ८० जीएसएमचा किंचित फुगवटा देखणा दिसतो. भिंतीवरच्या शोभेच्या क्विल्टलाही ते उत्तम.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो ते खरं की नाही हे घरी पाहता येतं. चिमूटभर तंतू ओढून चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, खिडकी उघडा आणि तंतूंना काडी लावा. कापूस कागद जळाल्याच्या वासानं पटकन पेटतो आणि मागे करडी राख उरते, बोटानं चोळली की तिची पूड होते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं, वितळतं, आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. मिश्रण असेल तर राखेत बारीक खडे लागतात. वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो, म्हणून तंतू हातात धरून हे करू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

लोकर, रेशीम आणि बांबू यांच्याबद्दल थोडक्यात. लोकरीचं बॅटिंग महाग, जपून धुवावं लागतं आणि दमट हवेत कसर लागण्याची भीती. टेबलाला त्याचा काही उपयोग नाही. रेशमी थर कपड्यांसाठी ठीक. बांबूच्या नावानं मिळणारा माल बहुधा कापूस मिसळलेला असतो, मऊ असतो, छान खाली पडतो; पैसे मोजायची तयारी असेल तर घ्या, पण फलालीन त्याच्या जवळपास पोचतं.

गरम भांड्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण पुष्कळ जण याच आशेनं टेबलक्लॉथ क्विल्ट करतात. कोणतंही बॅटिंग टेबलाला गरम पातेल्यापासून वाचवू शकत नाही. सुती थर वितळत नाही, तरी तीन मिलिमीटरमधून उष्णता खाली पोचते, आणि कापड ओलं असेल तर फारच लवकर पोचते. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर उष्णता आणि ओल एकत्र आली की पांढरट डाग उमटतो, तो सहजासहजी जात नाही. उष्णता परतवणारं चंदेरी थर असलेलं वॅडिंग मिळतं, पण ते अख्ख्या टेबलक्लॉथला नको. ते कडक असतं, हात लागला की कुरकुरतं. त्याच्या वेगळ्या चौकोनी गाद्या शिवा, साधारण नऊ इंचांच्या, चंदेरी थराच्या जोडीला सुती बॅटिंगचा एक थर घालून. अशी गादी मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका, कारण आतल्या थरात धातू असतो. आणि रोजची चुंबळ, लाकडी किंवा लोखंडी तिवई टेबलावर राहू द्या.

ओल खाली जाऊ नये म्हणून काही जण तिन्ही थरांत प्लॅस्टिकचा एक पातळ थर घालतात. तसं करू नका. शिवताना त्याला सुईची भोकं पडतात, म्हणून पाणी थांबत नाही. आणि आत शिरलेलं पाणी बाहेर यायलाही वाट मिळत नाही. टेबल जपायचं असेल तर टेबलक्लॉथच्या खाली वेगळं जाड कापड अंथरा. मोठ्या हॉटेलांत मेजवानीच्या टेबलांवर पांढऱ्या कापडाखाली जाड, मऊ कापडाचा वेगळा थर असतो, भांड्यांचा आवाज दबतो आणि टेबलही सुरक्षित राहतं. घरी हे केलं तर वरचा टेबलक्लॉथ अगदी पातळ, आतला थर न घालता नुसता दुपदरी शिवला तरी चालतो. धुण्याचा भार निम्मा होतो. ज्यांच्या घरी रोज आठ-दहा माणसं जेवतात त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटते. आतला थर टेबलाच्या पृष्ठभागापुरताच घाला. खाली लोंबणाऱ्या भागात घालू नका. समजा टेबल पाच फूट बाय तीन फूट आहे, म्हणजे ६० इंच बाय ३६ इंच, आणि चारही बाजूंनी सात इंच कापड खाली सोडायचं आहे. पूर्ण टेबलक्लॉथ ७४ बाय ५० इंचांचा होईल. वरचं कापड आणि अस्तर त्या मापाचं, पण आतला थर ६० बाय ३६ चाच. आतल्या थराच्या कडेलगत, अगदी बाहेरून, चारही बाजूंनी एक टीप मारा. टेबलक्लॉथ बरोबर त्या टिपेवर वळतो आणि काठ मोकळेपणानं खाली पडतात. तिथे आत काही नसल्यामुळे कोपरे पंखासारखे फाकत नाहीत, बसणाऱ्यांच्या मांडीवर ताठ कापड टोचत नाही, आणि वजनही कमी होतं. टेबलक्लॉथ सरकला की ती टीप कडेवरून हललेली दिसते, म्हणजे सारखा करायलाही सोपा. गोल कोपरे हवे असतील तर कोपऱ्यावर ताटली उपडी ठेवून पेन्सिल फिरवा; मग कडेची पट्टी तिरप्या कापडाची लागेल, सरळ कापडाची पट्टी वळणावर चुण्या घेते.

मापाबद्दल अजून थोडं. क्विल्ट करताना कापड शिवणीत ओढलं जातं आणि तयार माप कमी भरतं. त्यात आटणं मिळालं की ७४ इंचांचे ४ टक्के म्हणजे जवळजवळ तीन इंच गेले. तिन्ही थर धुऊन घेतले असले तरी वरचं कापड आणि अस्तर प्रत्येक बाजूनं दोन इंच जास्त ठेवा, आणि कडा शिवून झाल्यावरच कापा. आतल्या थराला जोड द्यावा लागला तर एकावर एक चढवून शिवू नका. दोन्ही कडा सरळ कापा, एकमेकींना भिडवा आणि वरून रुंद झिगझॅग घाला. हातानं करणार असाल तर तिरपे मोठे टाके पुरतात, दोरा मात्र ओढू नका.

एवढं वाचूनही मन द्विधा असेल, आणि ते असणं साहजिक आहे, तर एक नमुना करा. एक फूट चौरसाचा. वरचं कापड तेच, अस्तर तेच, शिवणीचं अंतर तेच, दोरा तोच; फक्त आत जे घालायचं ठरवलं आहे त्याचा तुकडा. दोन थरांत निवड करायची असेल तर दोन नमुने. शिवून झाल्यावर पट्टीनं दोन्ही बाजू मोजून आकडे लिहून ठेवा. त्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवा, जागा बदलत बदलत पाच-सहा ठिकाणी : टिपेवर, टिपांच्या मध्ये, अर्धा इकडे अर्धा तिकडे. पाण्याचा पृष्ठभाग पेल्याच्या कडेशी समांतर राहतो का ते पाहा. कल किती आहे ते पाणीच दाखवतं. मग त्याच्यावर चमचाभर आमटी सांडा. अर्ध्या तासानं तुम्ही एरवी धुता तसा धुवा, मशीन तर मशीन, हात तर हात. वाळू द्या आणि पुन्हा मोजा. १२ इंचांचे साडेअकरा झाले तर चार टक्के आटला. मोठ्या कापडाला तेवढं जास्त घ्या, नाहीतर सगळे थर आणखी एकदा धुऊन घ्या. किती वेळात वाळला हेही बघा, विशेषतः पावसाळ्यात. मधोमध बोटांनी चाचपून पाहा. आतला थर एका बाजूला गोळा झाला असेल तर टिपा जवळ घ्यायला हव्यात. नमुना वाया जात नाही, ताटाखालची चटई म्हणून तो वर्षानुवर्षं वापरता येतो.

शिवताना टिपा दोन ते तीन इंचांवर, सरळ आणि समांतर घ्या. खूप दाट टिपा मारल्या की थर सपाट होतो पण कापड पुठ्ठ्याकडे झुकतं. मध्यापासून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे फुगा मध्ये अडकत नाही. थर जुळवताना चार-चार इंचांवर सेफ्टी पिना लावा किंवा मोठा कच्चा धावदोरा घाला. सुती थरासाठी १४ नंबरची सुई आणि थोडा लांब टाका ठेवला की शिवणयंत्र सुरळीत चालतं.

धुण्यात हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल दिसतो, त्यानं घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हानं हळद उडते. पॉलिस्टर असो वा कापूस, डाग पडल्या पडल्या धुतला तर आत उतरत नाही. क्विल्ट केलेलं कापड वरून आधी कोरडं लागतं आणि आत ओल राहते, म्हणून हातात दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. गार लागलं तर अजून वाळायचं आहे. पावसाळ्यात दोरीवर दुपदरी न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून, पंख्याखाली वाळवा. आणि ज्यांच्या घरी त्या चार महिन्यांत ऊन येतच नाही त्यांनी तेवढ्या काळासाठी एक साधा, बिनथराचा टेबलक्लॉथ शिवून ठेवावा. क्विल्ट केलेला पूर्ण वाळवून, कोरडा करून, दसऱ्याला पुन्हा बाहेर काढावा.